पाय काढल्यावरही

ओनीच्या वरच्या वळणावर, खाली रिओनीचा खळखळाट,
लामाराची झिगुली ओरडते, पण चढत नाही.
चाळीस वर्षांची गाडी. रंग कधीकाळी पिस्त्याचा.
लामारा नर्स आहे. डोंगरातल्या सात गावांना
इंजेक्शनं पोचवते, रक्तदाबाचं यंत्र,
आणि म्हाताऱ्यांना एकमेकांचे निरोप.

"सगळे म्हणतात, प्लेट गेली.
गिअरबॉक्स उतरवायचा, दोन दिवस लागतील."
सगळे म्हणजे तिचा दीर, पाववाला,
आणि जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेला एक शेजारी.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

मी एवढंच विचारलं, सकाळी कशी असते?
सकाळी शहाणी असते. दुसऱ्या पुलापर्यंत.
मग तापते, आवाज वर जातो
आणि आपण तिथेच, त्याच अक्रोडाखाली.

झिजलेली प्लेट
घड्याळ बघून घसरत नाही.

पुलापर्यंत जाऊन आलो. गाडी तापली.
हँडब्रेक ओढला, चौथा टाकला, पाय हळूहळू सोडला.
इंजिनानं धापकन मरायला हवं होतं.
ते घरघरत राहिलं,
निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखं.

खोक्याचा पुठ्ठा पसरून खाली सरकलो.
फोर्कला बोटानं हलवून पाहिलं.
इथे चार-पाच मिलिमीटरची ढिलाई असते, तिच्या हक्काची.
नव्हती. आवळलेल्या जबड्यासारखा ताठ.

वर, मास्टर सिलिंडरपाशी, पाइपाचा जोड सैल केला:
एक थेंब. म्हणजे वरच्या घरी काही अडलेलं नाही.
मग खाली. आठचा पाना, निपल, अर्धा फेरा,
आणि चिळकांडी थेट कोपरापर्यंत!
पेडलवर कुणाचाही पाय नव्हता.
कधीचाच काढलेला होता.
फोर्क मागे आला, सुस्कारा टाकावा तसा.

पुन्हा चौथा, पुन्हा हँडब्रेक. पाय सोडला.
खाड्. बंद.
इंजिन मरताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मधली नळी. वीतभर रबर.
बाहेरून धडधाकट, आतून घसा सुजलेला.
पायाच्या जोरानं तेल आत घुसतं,
परतायची वाट त्याला सापडत नाही,
आणि गरम होऊन ते तिथेच फुगत बसतं.

डबीचं झाकण उघडून हुंगलं.
हे ब्रेकचं तेल नाही, लामारा. इंजिनाचं आहे.
कोणी भरलं?

ती डिकीशी गेली. तळाशी उरलेली बाटली घेऊन आली.
"ओतिआनं. मार्चमध्ये.
नजर जवळजवळ गेली होती, पण गाडीला
दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे."
त्याच्या चाळिसाव्याला वाइनची मडकी
ह्याच गाडीतून आली होती. मीच उतरवली होती.
तेव्हा बॉनेट उघडावं असं सुचलं नाही.

बाकीचीही रबरं फुगली असणार, मी म्हणालो, सगळीच बदलू.
कुताइसीहून सामान गुरुवारच्या मार्शरुत्कानं येईल.
"आणि तोवर? घेबीत एकीला दिवस भरलेत."

मग तिला पुठ्ठ्यावर झोपवलं, निपल दाखवलं.
घसरायला लागली की थांबायचं,
अर्धा फेरा, तेल येईल, बंद. वर डबीत भर घाल.
हात तिचेच, रोज शीर शोधणारे.
पहिल्याच खेपेला एक थेंबही सांडला नाही.
"किती काढू?"
जोर आहे तोवर, मी म्हणालो. थांबल्यावर थांब.

गुरुवारी नळी कापून तिला दाखवली.
आतलं रबर जिभेसारखं लोंबत होतं.
तिनं पाहिलं, मान हलवली,
घेबीत मुलगी झाली म्हणाली, साडेतीन किलो.
पैसे मोजून दिले.
आठचा पाना तेवढा परत केला नाही.
मीही मागितला नाही.